आमच्यात काय लपवायचंय!

४ जानेवारी

ती. अक्कास,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नाही, भीतीमुळे. हसू नकोस. हे पत्र मी कॉलेजच्या वाचनालयात, भिंतीला पाठ लावून लिहितेय. माझ्या खोलीत बसत नाही, कारण तिथल्या कपाटाची दुसरी किल्ली विभागप्रमुखांकडे असते आणि हल्ली ते माझ्याशी फारच गोड बोलतात.

तू विचारलं होतंस, समाजशास्त्राच्या बाईला यंत्रांशी काय करायचंय. तर ऐक. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत दारोदार कॅमेरे बसले. कमिटीचे सचिव म्हणून आमच्या इंजिनिअरनेच, म्हणजे तुझ्या मेहुण्यांनीच, ते बसवून घेतले. दार उघडलं की फोनवर घंटी वाजते. पण कुणाच्या फोनवर? बहुतेक घरांत नवऱ्याच्या. बायको भाजी आणायला निघाली की त्याला ऑफिसात कळतं. मी त्या बायकांच्या मुलाखती घेतेय. पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या फोनचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? सगळ्या हसतात आणि एकच उत्तर देतात, ‘अहो, आमच्यात काय लपवायचंय!’ आपल्या दाराला मी कॅमेरा लावू दिला नाही, हे सांगून ठेवते.

आता मुद्द्याचं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवणारी एक जण आहे, आमच्याच वसाहतीत राहणारी. मी तिला भिंगवाली म्हणते, खरं नाव कुठेच लिहायचं नाही हा माझा नियम. तिला तुमच्या गावातल्या भिंगांच्या कारखान्यात काम मिळालंय. नवऱ्याला आधी सांगितलं तर तो उंबरा ओलांडू देणार नाही, म्हणून आधी रुजू व्हायचं आणि मग कळवायचं, असं तिने ठरवलं होतं. हे तिने एकट्या मला सांगितलं, माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू असताना. आठवडा उलटायच्या आत नवऱ्याला कळलं, कारखान्यासकट. त्याने तिचा फोन काढून घेतला आणि तिचं दुकानात जाणं बंद केलं. ती समजते मी फितूर झाले.

मी कुणाला बोलले नाही गं. पण बातमी फुटली तर खरी. रेकॉर्डिंग मी पेनड्राइव्हवर घालून आपल्या टिकटिकला देते, तुझी लेक ते होस्टेलवर बसून टाईप करते, कागद माझ्या कपाटात जातात. म्हणजे एक तर विभागप्रमुख, नाही तर... लिहायला हात धजत नाही. आमचा इंजिनिअरच परवा मला म्हणाला, टिकटिक तुझी भाची आहे म्हणून डोळे झाकू नकोस, वय कच्चं असतं, मैत्रिणींत जीभ सैल सुटते. तो तेवढा एक आधार आहे मला.

यापुढे पत्र कॉलेजच्या पत्त्यावर टाक. तुझं मागचं पाकीट मला पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं.

लोभ आहेच. तो कमी झाला तर मला सर्वांत आधी कळव.

तुझी,
बारकी

९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा आधी घे.

पाकीट मीच पुन्हा चिकटवलं होतं, कारण आत फोटो घालायचा राहिला होता. संशयाने माणूस आधी डिंकावर शंका घेतो, मग रक्ताच्या नात्यावर. तू दोन्ही एकाच पत्रात उरकलंस.

मला तू काय ऐकण्याच्या गोष्टी सांगतेस? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म कानाला वायर लावून काढला मी. हॉलभर बायका आणि देखरेखीला एक पुरुष. बायकाच का, तर आवाज गोड आणि तोंड बंद. हे तुझ्या पुस्तकात घाल, माझ्याकडून भेट. अख्ख्या गावाची लग्नं, भांडणं, आजारपणं आमच्या कानांवरून गेली, पण पोटातून ओठांवर आली नाहीत. म्हणून तर मी मोबाइल घेत नाही. कान विटलेत माझे.

त्या आईची लेक आहे टिकटिक. बडबडते, मान्य आहे, नावच तसं पडलंय. पण शाळेत वर्गाची काच कुणी फोडली हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, स्वतः उभी राहिली बाकावर. तिच्याबद्दल असं लिहिताना हात धजत नाही म्हणतेस आणि लिहितेस. ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

इंजिनिअरसाहेब समजूतदार आहेत हे मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. फार समजूतदार माणसाचा मला जरा धाकच वाटतो. असो.

त्या पोरीला, तुझ्या भिंगवालीला, आता कोण आहे? ते आधी बघ. चोर नंतर शोध.

लोभ कुठे जात नाही, घरातच आहे.

तुझी,
अक्का

१५ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू रागावलीस. पण मी काय करू? मनात पाल चुकचुकली की ती गप्प बसत नाही.

भिंगवाली जिन्यात भेटली. मी नमस्कार केला, तिने तोंड फिरवलं. पायरीवरून उतरताना एवढंच म्हणाली की तुम्ही शिकलेल्या माणसांनी तरी असं करायला नको होतं. तिच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा आमच्याकडे बघत होता, म्हणून मला पुढे काही बोलताही आलं नाही. कारखाना मार्च उजाडेपर्यंत तिची जागा राखून ठेवेल, मग दुसऱ्या कुणाला देईल. तिने लेखी तक्रार केली तर माझं सगळं संशोधन बंद होईल, आणि अक्का, ते बंद व्हावं हेच रास्त ठरेल. बायका माझ्यापाशी मोकळ्या झाल्या त्या माझ्या शब्दावर.

आता हे वाच आणि मग मला बोल. गेल्या शुक्रवारी टिकटिक त्याच चष्म्याच्या दुकानात होती. मालकाशी हळू आवाजात बोलत होती. मला बघताच गप्प झाली, घाईने पर्स उचलली आणि निघाली. तिला ना चष्मा, ना डोळ्यांची तक्रार. मी घरी सांगितलं तर इंजिनिअरने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी टिकटिकला निरोप पाठवलाय की टायपिंग सध्या थांबव. तिने कारणसुद्धा विचारलं नाही. निर्दोष माणूस कारण विचारतो ना?

विभागप्रमुखांनी काल माझ्यासाठी कॉफी मागवली. आजवर कधी पाणी विचारलं नव्हतं. मी ती प्यायले नाही.

कळावे. लोभाचं तूच ठरव.

बारकी

२० जानेवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

कॉफी प्यायची होतीस. थंड झाली असेल बिचारी.

टिकटिक दुकानात का गेली होती ते तिने मला सांगितलंय. मी तुला सांगणार नाही. तुझ्या मनात आत्ता जो कचरा साचलाय त्यात चांगली वस्तू टाकायची माझी इच्छा नाही. आधी झाडून घे. आणि ती कारण का विचारत नाही? अगं, मावशीनेच चोर ठरवल्यावर पोर कोणत्या तोंडाने विचारेल? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्यासी गप्प का म्हणून तक्रार.

पण तुझी झोप उडालीय हे मला दिसतं. म्हणून आमच्या एक्स्चेंजमधली युक्ती सांगते. आपलं बोलणं कोण चोरून ऐकतंय ते कळेनासं झालं, की आम्ही एक थाप सोडून द्यायचो आणि ती कुठून बाहेर पडते ते बघायचो. एकदा दोघींनी लाइनवर सहज बोलल्यासारखं केलं, की मोठ्या साहेबांची बदली झाली. जेवणाच्या सुट्टीत कारकून साहेबांच्या खुर्चीत बसून बघताना सापडला.

रविवारी तुझा फोन घेऊन इकडे ये. मी त्यावर एक थाप मारते. ते रेकॉर्डिंग टिकटिकला दे, फक्त तिलाच. थाप अशी असेल की कुठल्याही लेकीला पोटात ठेवणं जमू नये. मी लग्न करतेय! आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांशी. हे ऐकून ती धावत माझ्याकडे आली, तर तू जिंकलीस. तोंड मिटून टाईप करून दिलं, तर तिची माफी मागायची, माझ्यासमोर.

डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही. ते विधुर आहेत आणि चटकन घाबरतात.

लोभ शिल्लक आहे, उधळू नकोस.

अक्का

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अजून हसू येतंय. ‘दात त्यांनी बसवले, आता माझी घडीही त्यांनीच बसवावी’ हे तू एवढ्या गंभीरपणे म्हणालीस की क्षणभर मीच विश्वास ठेवला. आणि वरची खोली रिकामी करून तिथे त्यांची दवाखान्याची खुर्ची चढवणार, हे तुला ऐनवेळी सुचलं की आधीच ठरवलं होतंस? मी नोकरीला लागल्यापासून इतकं चांगलं खोटं ऐकलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये थंडी वाजू लागली. उतरले तर थांब्यावर आमचा इंजिनिअर हजर, हातात शाल. मी कोणत्या बसने येणार ते त्याला सांगितलंही नव्हतं. मनकवडाच आहे. घरी आले ती तापाने फणफणले, आज कुठे उठून बसलेय. त्यामुळे तुझं रेकॉर्डिंग अजून फोनमध्येच आहे. पेनड्राइव्हवर घेतलं नाही, टिकटिकला दिलं नाही, विभागप्रमुखांना तर त्याचा वासही लागू दिला नाही. सोमवारी देईन.

आजारपणात त्याने माझं सगळं केलं. औषधं, पेज, कॉलेजला रजेचा निरोप. मध्येच विचारत होता, अक्का कशा आहेत, एकटं वाटतं का त्यांना. तुझी एवढी काळजी त्याला आहे हे मला माहीत नव्हतं. हे पत्र शेजारणीच्या हाती पोस्टात टाकतेय.

पडल्या पडल्या एक विचार येऊन गेला. टिकटिकने खरंच तोंड मिटून टाईप केलं तर? मग दुसरं कोण? मला आता ती दोषी निघावी असं वाटू लागलंय, आणि त्याचीच लाज वाटते.

लोभ असू दे. ताप उतरलाय, तो नको उतरायला.

तुझी,
बारकी

५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्का यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घ्यावे. तुमच्याकडे फोन नाही आणि विषय नाजूक, म्हणून हा खटाटोप.

तुमच्या नव्या बेताबद्दल कळलं. कसं कळलं ते विचारू नका, घरातल्या गोष्टी घरातल्या माणसाला कळतातच. एकटं वाटणं मी समजू शकतो. पण या वयात घडी नव्याने बसवायची म्हणजे चारचौघांचा विचार करावा लागतो. टिकटिकच्या लग्नाचं पुढे बघायचं आहे. शिवाय वरच्या खोलीत दवाखान्याची खुर्ची न्यायची म्हणता, तर तुमच्या जिन्याचं वळण मला आठवतं. ती खुर्ची तिथून वर जाणार नाही. मी अंदाज घेतला आहे.

डॉक्टरांनाही मी वेगळ्या चार ओळी लिहिल्या आहेत. पुरुषाने पुरुषाशी बोललेलं बरं असतं. मागे इथेही एका गृहस्थांना मी असंच वेळीच सावध केलं, म्हणून त्यांचा संसार मोडता मोडता वाचला. आभार कुणी मानत नाही, पण आपलं कर्तव्य आपण करावं.

या पत्राबद्दल बारकीला कृपया बोलू नये. ती विद्वान आहे, पण व्यवहारात भोळी. तिचा फोन, कॉम्प्युटर, सगळं मीच लावून दिलं आहे आणि मीच बघतो, म्हणून तिला निर्धास्त लिहिता येतं. आधीच त्या संशोधनाने तिच्या डोक्याला ताप झाला आहे.

तुमचा आशीर्वाद आणि लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
(मेहुणे)

९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी खुर्चीवर बस. दार लावून घे. मग सोबतचं पत्र वाच आणि पुन्हा माझ्याकडे ये.

वाचलंस? रेकॉर्डिंग तू कुणालाच दिलं नव्हतंस. घडी बसवायची म्हटलं ते तुझ्या फोनसमोर, खुर्चीचं म्हटलं तेही तुझ्या फोनसमोर, आणि खोलीत आपण दोघीच होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, बारके. मी थाप सोडली ती माझ्या पोरीसाठी. ती अशी तुझ्या घरातून बाहेर पडेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. नाही तर मारलीच नसती. खरंच नसती मारली.

डॉक्टर काल येऊन गेले. हातात ते दुसरं पत्र, कपाळावर घाम. म्हणाले, बाई, माझ्या हातून काही आगळीक झाली का? मी सगळं खरं सांगितलं तेव्हा कुठे पाणी प्यायले. जाताना म्हणाले की खुर्ची तशी सुटी करून वर नेता येते. मी दार लावून घेतलं.

आता टिकटिकचं ऐक. ती चष्म्याच्या दुकानात गेली होती ती मालकाला विनवायला, की त्या बाईची दुकानातली जागा इतक्यात दुसऱ्या कुणाला देऊ नका. मुलाखत टाईप करताना तिला रडू आलं होतं. हे तुला कळू द्यायचं नव्हतं तिला, कारण ऐकलेल्यात ढवळाढवळ करायची नाही हा तूच तिला घालून दिलेला नियम.

मी तुला काय करायचं ते सांगणार नाही. सांगणारे तुझ्या घरात पुष्कळ आहेत. वरची खोली मात्र मी खरोखरच रिकामी करतेय.

तुझी,
अक्का

२२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
बारकीचा सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. मग विभागप्रमुख डोकावले आणि मला रडताना बघून गडबडले. त्यांना पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय आणि माझं नाव त्यांच्या जागेसाठी सुचवायचंय, म्हणून ती कॉफी होती. माणूस एवढाच होता, अक्का.

घरी मी भांडले नाही. सरळ विचारलं. तोही सरळ बोलला, हे जास्त लागलं. फोन आणला त्याच दिवशी त्याने तो असा लावून ठेवला होता की त्यातलं सगळं त्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उतरावं, मी कुठे आहे ते त्याच्या नकाशावर दिसावं. फोन हरवला तर माझी मेहनत बुडू नये म्हणून, म्हणाला. मुलाखती तो जेवण झाल्यावर ऐकत असे. वसाहतीत त्याच्या कॅमेऱ्यांबद्दल कोण काय म्हणतं ते कळावं, एवढाच हेतू. भिंगवालीचा नवरा त्याच्याबरोबर सकाळी फिरायला येतो. घर मोडताना बघवलं नाही, म्हणून सांगितलं. मी विचारलं, मग टिकटिकचं नाव का घेतलंस? तो म्हणाला की तू सारखी शोधत होतीस, तुला कुणी तरी सापडणं गरजेचं होतं. हे तो मायेने म्हणाला गं. त्याच्या आवाजात जरासुद्धा खोट नव्हती. मला तेव्हा त्याची प्रथमच भीती वाटली.

मग त्याने पासवर्ड कागदावर लिहून माझ्या हातात ठेवला. माझंच लाडकं नाव आणि लग्नाची तारीख. बघ, किती प्रेमाने ठेवलाय, असा त्याचा चेहरा. इतके महिने मी दुसऱ्यांच्या घरांत जाऊन विचारतेय की कुलूप कुणाचं आणि किल्ली कुणाकडे. स्वतःच्या फोनचा मुख्य, सगळं उघडणारा पासवर्ड मला माहीत नव्हता. कधी लागलाच नाही, तो होता ना.

टिकटिककडे गेले. माफी मागितली, तुझ्यासमोर नाही, पण पूर्ण मागितली. ती पुन्हा बडबडायला लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. राहिलेला पगार न्यायला ये असं सांगून दुकानाच्या मालकाने भिंगवालीला दुपारी अर्धा तास मागच्या खोलीत बोलावून घेतलं, तेही टिकटिकमुळेच. तिथे काचा घासायच्या यंत्राशेजारी उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, माझा नवरा निदान माझ्या डोळ्यांदेखत बघतो. मग तिने माझाच पहिला प्रश्न मला विचारला, तुमच्या फोनचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? आणि अक्का, सगळं माहीत असूनही माझ्या ओठांवर आधी काय आलं सांगू? ‘अहो, आमच्यात काय लपवायचंय.’ मी अर्ध्यात थांबले. ती हसली नाही. पुढे होऊन तिने माझा हात धरला.

रविवारी आम्ही दोघी येतोय. ती कारखान्याच्या कामावर रुजू व्हायला, तुझ्या वरच्या खोलीत राहायला. तिला घरातून निघता यावं म्हणून, दुकानात एका दिवसाचं जादा काम निघालंय, पैसे दुप्पट, असं मालक तिच्या नवऱ्याला कळवणार आहे; खरं ते रुजू झाल्यावर ती स्वतः कळवेल. मी किती दिवसांसाठी येतेय ते मला ठाऊक नाही. नवऱ्यावर माझं प्रेम आहे, ते एका पत्राने पुसलं जात नाही, पण त्याच्या शेजारी बसून मला एक ओळही लिहिता येत नाही. संशोधन मी कॉलेजच्या कमिटीला कळवून स्वतःच थांबवलंय. प्रत्येक बाईला भेटून काय झालं ते सांगेन, मग त्या म्हणतील तसं.

येताना फोन आणत नाही. त्याच्या टेबलावर ठेवतेय, चालू करून, चार्जरला लावून. नकाशावर मी घरीच दिसेन.

लोभ आहे, तो दाराशी येऊन मागेन.

तुझी,
बारकी